दशावतारी संवादाचे चित्रमुद्रण : उत्स्फूर्त निर्मिती आणि बदलता प्रेक्षक

दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते, हे वाक्य मी लोकसाहित्याच्या तासाला वर्षानुवर्षे सांगत आले आहे. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत लिहून त्याचे गुणही मिळवतात. गेल्या हंगामात पेडणे तालुक्यातील एका जत्रेत मी जे पाहिले, त्यानंतर मात्र हे वाक्य तसेच्या तसे सांगताना माझी जीभ अडखळते.

त्या रात्री हरिश्चंद्राचे आख्यान लागले होते. पहाटेचे तीन वाजून गेले असावेत. रोहिदासाचे कलेवर मांडीवर घेऊन तारामती स्मशानात बसली होती आणि डोंबाघरी राबणारा हरिश्चंद्र तिला न ओळखता दहनाचे शुल्क मागत होता. तारामती बोलण्यासाठी मान वर करणार, एवढ्यात मंडपात ठिकठिकाणी मोबाईल वर झाले. वाक्य अजून उच्चारले गेले नव्हते. नटाने ते उच्चारले, टाळ्या पडल्या आणि मोबाईल खाली आले. ज्या नाटकाला संहिता नाही, त्यातले पुढचे वाक्य प्रेक्षकांना आधीच पाठ होते.

ते त्यांना कसे पाठ झाले, याचा थोडा दोष माझ्याकडेही जातो. ती हकीकत पुढे सांगणारच आहे. तिच्या निमित्ताने प्रस्तुत लेखात एका प्रश्नाचा विचार करायचा आहे. जे शब्द प्रेक्षकांच्या साक्षीने त्या क्षणी घडतात, ते साठवता येऊ लागले, कापता येऊ लागले आणि हवे तेव्हा पाहता येऊ लागले, की त्यांच्या घडण्यावर काय परिणाम होतो?

शब्द कुठे घडतात?

दशावतार हा तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवरचा खेळ. पेडणे महाल १७८८ मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यात आला; त्यापूर्वी तो सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता. राजवट बदलली तरी दैवते, सोयरिकी, जत्रा आणि नाटकमंडळ्या नदी ओलांडत राहिल्या. मोचेमाडकर, आरोलकर, चेंदवणकर, वालावलकर, खानोलकर, पार्सेकर या मंडळांच्या नावांतच त्यांची गावे आहेत. कार्तिकात जत्रा सुरू होतात आणि पावसाच्या तोंडावर हंगाम संपतो. या काळात जवळजवळ रोज रात्री नवे गाव आणि नवा प्रेक्षक असतो. पूर्वी गणपतीच्या पूजेचा पेटारा डोक्यावर घेऊन मंडळी पायी जात. आता टेंपो असतो. मशालीची जागा गॅसबत्तीने घेतली आणि गॅसबत्तीची विजेच्या दिव्यांनी. साधनांचा बदल दशावताराला नवा नाही, हे आरंभीच लक्षात ठेवलेले बरे.

खेळाची बांधणी वाचकांना परिचित असेल. आधी आडदशावतार होतो. त्यात गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव यांची सोंगे येतात, वेद चोरणारा संकासुर येतो आणि विष्णूच्या हातून मारला जातो. त्यानंतर मुख्य आख्यान. पायपेटी, मृदंग आणि झांज एवढी साथ. मांडणीला एखादे बाकडे पुरते. आख्यान कोणते लावायचे आणि कोणी कोणते पात्र घ्यायचे, हे रंगपटात ठरते. कथेचा सांगाडा, प्रवेशांचा क्रम, पदांच्या जागा आणि युद्धाचे ठोके पक्के असतात. संवाद मात्र पक्के नसतात. ते नटाने समोरच्या नटाकडे आणि समोरच्या माणसांकडे पाहून करायचे असतात.

उत्स्फूर्त म्हणजे शून्यातून आलेले, असा याचा अर्थ नाही. जुन्या नटाच्या गाठीशी श्रीधराच्या ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ अशा पोथ्यांचे श्रवण असते, कीर्तने ऐकलेली असतात, सुभाषिते असतात, आणि राजाने आपली ओळख कशी करून द्यावी, ऋषीने शाप कसा द्यावा, याचे ठरलेले वळण असते. मिल्मन पॅरी यांनी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातील कथागायकांची गाणी ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर मुद्रित केली. त्यांचे शिष्य आल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० मध्ये ‘द सिंगर ऑफ टेल्स’ या ग्रंथात त्यांचे विवेचन केले. गायक कथा पाठ करत नाही. ठरीव शब्दबंध आणि प्रसंगांच्या आधारे तो ती गाता गाता रचतो, हा त्यांचा सिद्धांत दशावतारी संवादाला बऱ्याच अंशी लागू पडतो. एक महत्त्वाचा फरक असा, की आपला नट एकटा नसतो. समोरच्या नटाने टाकलेला शब्द त्याला तिथल्या तिथे उचलावा लागतो. दोन मुरलेल्या नटांची अशी संवादांची झुंज पाहायलाच जुने प्रेक्षक येतात.

माझ्या दृष्टीने यात भाषेची एक मोठी गोष्ट आहे. दिवसा शेतीत, काजूच्या बागेत किंवा लहानसहान नोकरीत राबणारा माणूस रात्री धर्मराज होऊन दहा-पंधरा मिनिटे अखंड, संस्कृतप्रचुर आणि व्याकरणाला धरून मराठी बोलतो. घरी तो मालवणी किंवा कोंकणी बोलतो. संकासुराला आणि विनोदी पात्रांना तीच बोली असते. राजे, ऋषी, देव प्रमाण मराठीत बोलतात. अनेक नटांचे शालेय शिक्षण फारसे झालेले नसते. त्यांची मराठी या रंगमंचावर, ऐकून आणि बोलून तयार झाली. ज्या भागात मराठीचा वापर शाळेबाहेर कमी कमी होत गेला, तिथे हे एक विद्यालयच होते असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आणि या विद्यालयाचा परीक्षक म्हणजे प्रेक्षक. कोणाचा पिता कोण, हे चुकले तर पुढच्या रांगेतले म्हातारे खाकरतात. संवाद लांबला तर माणसे चहाच्या टपरीकडे निघतात. रंगला तर कोणी उठून बक्षीस देतो. काही वेळा मंडप नुसता गप्प होतो, आणि ही शांतता नटाला सर्वांत जास्त कळते. पुढचे वाक्य तो यावरून बेततो. म्हणून दशावतारी संवादाचा कर्ता एकटा नट नसतो, असे मी मानते.

एका वाक्याची हकीकत

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पासाठी आम्ही एका जत्रेत हरिश्चंद्राचे आख्यान संपूर्ण मुद्रित केले होते. स्मशानाचा प्रवेश चालू असताना पुढच्या बाजूला एक लहान मूल मोठ्याने रडू लागले. आई त्याला थोपटत होती, पण ते राहीना. शेवटी ती ओशाळून उठू लागली. तारामतीच्या भूमिकेतल्या नटाने चाललेले वाक्य अर्धवट सोडले, तिच्याकडे पाहिले आणि म्हटले, “माते, उठू नकोस. रडू दे त्या बाळाला. जिचं मूल रडतं आहे, तिच्याइतकी भाग्यवान स्त्री आज या स्मशानात दुसरी कोणी नाही.”

पेटीवरचा हात थांबला. ती बाई पुन्हा खाली बसली. मूल रडतच होते, आणि त्या रडण्यावरच पुढचा सगळा विलाप उभा राहिला. मी अनेक तारामती पाहिल्या आहेत, पण पुराणातले स्मशान आणि गावातला मंडप असे एक झालेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

माझ्या विद्यार्थिनीने तेवढा दीड मिनिटाचा तुकडा कापून समाजमाध्यमावर टाकला. टाकण्यापूर्वी तिने मला विचारले होते. मी आनंदाने हो म्हटले आणि स्वतःही चार ठिकाणी पाठवला. नटाला विचारायचे आम्हा दोघींच्याही मनात आले नाही.

तुकडा खूप फिरला. मुंबईतल्या चाकरमान्यांनी पाहिला, आखाती देशांतल्या मुलांनी पाहिला. काही दिवसांनी तो माझ्याकडेच दुसऱ्या मार्गाने परत आला. मधल्या कोणीतरी त्याला बासरीचे करुण पार्श्वसंगीत जोडले होते आणि आवाज ‘स्वच्छ’ केला होता. त्या स्वच्छतेत मुलाचे रडणे पुसले गेले होते. ज्याने ते वाक्य जन्माला घातले, तेच त्या वाक्यातून काढून टाकले होते, आणि ऐकणाऱ्या कोणालाही ते खटकले नव्हते.

गेल्या हंगामात मोबाईल वर झाले ते या वाक्यासाठी. त्या रात्री मंडपात कोणतेही मूल रडत नव्हते. नटाने वाक्य थोडे बदलून घेतले होते. आता ते ‘जगात जिचं मूल रडतं’ असे झाले होते. वाक्य चांगलेच होते. पण ते कोणाला उद्देशून नव्हते.

खेळ संपल्यावर मी रंगपटात जाऊन त्यांना भेटले. रंग उतरवत ते शांतपणे बोलत होते. राग कुठेच नव्हता. खेळ ठरवायला येणारी माणसे आता ते वाक्य असेल ना, असे विचारतात. प्रवेशापूर्वी मंडळातले जाणते त्याची आठवण करून देतात. एका गावी प्रसंगाची लय वेगळी लागली म्हणून त्यांनी ते घेतले नाही, तर खेळ आखडता घेतल्याची तक्रार झाली. मी आमची चूक कबूल केली आणि त्यांची क्षमा मागितली. त्यांनी हसून ती बाजूला सारली आणि म्हणाले, “बाई, तां वाक्य माझां नाय, त्या पोराचां.”

पूर्वीची दोन यंत्रे

हे सारे मोबाईलमुळेच प्रथम घडते आहे, असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. आपल्या रंगभूमीने याआधी निदान दोन वेळा असा बदल पाहिला आहे.

पहिले यंत्र छापखान्याचे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा त्यांच्यासमोर कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ होते. सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे आपली भाषणे आयत्या वेळी करीत. पुढे राक्षसांच्या आरोळ्यांवरून अशा खेळांना ‘अललडुर्र’ नाटके म्हणून हिणवले गेले. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले. अशा लिहून छापलेल्या नाटकांना त्या काळी ‘बुकिश’ नाटके म्हणत. पुस्तक हातात आल्यावर नट लेखकाच्या शब्दाला बांधला गेला. त्यातून देवल, खाडिलकर, गडकरी मिळाले, हे कोण नाकारील? पण आयत्या वेळी भाषण करणारा नट मुख्य प्रवाहातून गेला तो गेलाच. दशावतारात तो टिकला, कारण तिथे पुस्तक पोचले नाही.

दुसरे यंत्र ग्रामोफोनचे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण सव्वातीन-साडेतीन मिनिटे मावत. रंगमंचावर ‘वन्स मोअर’ घेत खुलत जाणारे नाट्यपद तबकडीसाठी आवळावे लागले. गोमंतकीयांच्या अभिमानाचे उदाहरण घ्यायचे तर फोंडा तालुक्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांचे घ्यावे. १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीवर त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. ती जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. केसरबाईंचा ख्याल मैफलीत ज्यांनी ऐकला, त्यांच्या दृष्टीने ही नुसती खूण होय. तरीही त्या खुणेमुळेच तो आवाज पुढच्या पिढ्यांना मिळाला.

या दोन उदाहरणांवरून एवढे म्हणता येते, की साधन नुसते साठवत नाही, ते मापही ठरवते. पुस्तकाने शब्दाचे माप ठरवले, तबकडीने वेळेचे. मोबाईल कोणते माप ठरवतो आहे, हे आता पाहू.

नवी मापे

पहिले माप लांबीचे. भारतात २०२० च्या जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणल्या; आरंभी त्यांची मर्यादा १५ सेकंदांची होती. सप्टेंबरात आलेल्या यूट्यूब शॉर्ट्सची मर्यादाही अशीच आखूड होती. पुढे या मर्यादा वाढल्या, पण सवय लागली ती आखूडपणाची. दशावतारी संवादाची लज्जत त्याच्या चढणीत असते. धर्मराज पाच मिनिटे नीतीची उभारणी करतो, म्हणून सहाव्या मिनिटाला भीमाने एका वाक्यात ती मोडली की मंडप उसळतो. तुकड्यात भीमाचे वाक्य राहते, धर्मराज जातो. नव्या नटांपैकी काही जण आता चढण न बांधता थेट तशी वाक्ये फेकतात. जाणकाराला ते पायऱ्यांवाचून माडीवर चढल्यासारखे वाटते.

दुसरे माप चौकटीचे. उभ्या धरलेल्या मोबाईलच्या चौकटीत एकच नट नीट मावतो. दोघे घ्यायचे तर दूर जावे लागते, मग चेहरे दिसत नाहीत. म्हणून मुद्रण करणारा बोलणाऱ्यावरच राहतो. ऐकणारा नट, ज्याच्या चेहऱ्यावर पुढचे उत्तर तयार होत असते, तो बाहेर पडतो. मग पाहणाऱ्याच्या लेखी संवादाचे भाषण होते.

तिसरे माप भाषेचे, आणि मला ते सर्वांत चिंतेचे वाटते. माझ्याकडे आपोआप येणारे दशावताराचे तुकडे मी एका हंगामभर वहीत टिपून ठेवले. त्यांत मालवणी विनोद होता, युद्धनृत्य होते, ट्रिकसीन होते, पदे होती. राजाचे किंवा ऋषीचे दीर्घ मराठी भाषण क्वचितच आढळले. बोलीतला विनोद फिरतो याचा मला आनंदच आहे. बोलीचे तेज त्यातून दिसते. पण नट होऊ इच्छिणारा मुलगा आता विंगेत बसून रात्र काढण्याऐवजी असे तुकडे पाहून शिकत असेल, तर दहा मिनिटे अखंड मराठी बोलण्याची तालीम त्याला कुठे मिळणार? पूर्वी ऋषीचे भाषण कंटाळवाणे झाले तरी ते त्याच्या कानावर पडत होते. आता ते बोटाने पुढे सरकवता येते.

चौथे माप प्रेक्षकाच्या हिशेबाचे. मंडपातली शांतता, खाकरणे, टपरीकडे निघणे हे प्रतिसाद त्या क्षणी नटापर्यंत पोचत आणि वाक्य बदलत. पडद्यावरचा प्रतिसाद आकड्यांत येतो आणि खेळ झाल्यावर येतो. तो झालेले वाक्य बदलू शकत नाही. फक्त पुढच्या वेळी तेच पुन्हा म्हणा, असे सांगू शकतो. पेगी फेलन यांनी १९९३ मध्ये असे मांडले, की प्रयोगाचे आयुष्य वर्तमान क्षणातच असते आणि मुद्रित झाला की तो दुसरेच काही होतो. फिलिप ऑसलँडर यांनी १९९९ मध्ये त्याला छेद दिला. प्रत्यक्ष प्रयोगच हळूहळू मुद्रणासारखा होऊ लागतो, असे त्यांचे म्हणणे. तारामतीच्या वाक्यापर्यंत मला फेलन पटत होत्या. त्या जत्रेनंतर ऑसलँडर यांचे म्हणणे अधिक खरे वाटू लागले. मंडपातला नट आपल्याच तुकड्याची नक्कल करत होता आणि प्रेक्षकाला ते हवे होते.

मिळालेल्या गोष्टी

एवढे लिहून थांबले तर तो एका प्राध्यापिकेचा गतकाळासाठीचा उसासा ठरेल. मिळालेल्या गोष्टीही मोठ्या आहेत आणि त्या मोजल्याच पाहिजेत.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली ती ऐन हंगामात. ठरलेले खेळ रद्द झाले आणि रोजच्या खेळावर पोट असलेली माणसे घरी बसली. त्या काळात प्रेक्षकांविना केलेले खेळ पडद्यावरून लोकांपर्यंत गेले. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना जत्रा घरी पाहता येते, ही गोष्ट लहान नाही. मुंबई-पुण्यात वाढलेल्या मुलांना आजोळचा खेळ कळू लागला. कुठल्या गावी कोणते आख्यान आहे, याच्या याद्या रोज मोबाईलवर फिरतात आणि त्या वाचून माणसे दूरवरून येतात. म्हणजे पडद्यामुळे मंडप ओस पडला, असे सरसकट म्हणता येणार नाही.

अभ्यासकाला झालेला लाभ तर फार मोठा आहे. पॅरी आणि लॉर्ड यांना गायक छातीठोकपणे सांगत, की आम्ही शब्दाला शब्द तेच गातो. तबकड्या मात्र वेगळे सांगत. आमच्या वर्गातही तसेच झाले. त्याच नटाचे टाळेबंदीत प्रेक्षकांविना मुद्रित झालेले तेच आख्यान आम्हाला मिळाले. विद्यार्थ्यांनी स्मशानाचा प्रवेश दोन्हींतून लिहून काढला आणि शेजारी शेजारी ठेवला. रिकाम्या जागेतला प्रवेश जत्रेतल्या प्रवेशाच्या निम्म्याहूनही कमी लांबीचा निघाला. वाक्ये रेखीव होती, अलंकार नेमके होते. पण थांबे नव्हते, प्रश्न जवळजवळ नव्हते, आणि कोणालाही उद्देशून हाक नव्हती. जत्रेतल्या मुद्रणात ‘माते’, ‘बाबांनो’, ‘सांगा कोणी’ अशा हाका जागोजागी होत्या. प्रेक्षक संवादाचा सहकर्ता असतो, हे मी इतकी वर्षे अंदाजाने सांगत होते. आता ते कागदावर दाखवता आले, आणि ते यंत्रामुळेच शक्य झाले. ज्या साधनाने ही निर्मिती आपल्याला प्रथमच तपासता आली, तेच साधन तिला बदलते आहे. हा पेच टाळता येणार नाही. तो ओळखून काम करावे लागेल.

शिक्षक व विद्यार्थ्यांसाठी

हे काम कोणाला करायचे असेल तर आमच्या चुकांवरून सुचलेल्या काही गोष्टी सांगते.

मुद्रण करण्यापूर्वी मंडळाची आणि प्रमुख नटांची संमती घ्यावी. प्रसारित करण्यापूर्वी ती पुन्हा स्वतंत्रपणे घ्यावी. हा केवळ शिष्टाचार नव्हे. स्वामित्व हक्क कायदा १९५७ चा. त्यात १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याचे हक्क आले आणि आता त्यांची मुदत ५० वर्षांची आहे. २०१२ च्या दुरुस्तीने प्रयोगाची विकृती होऊ न देण्याचा नैतिक हक्कही नटाला मिळाला. खासगी वापर, अध्यापन आणि संशोधन यांसाठी कायदा सवलत देतो, परंतु वर्गासाठी केलेले मुद्रण सर्वांसमोर मांडणे ही वेगळी गोष्ट आहे. लिखित नाटकाच्या लेखकाला आपण जसा मान देतो, तसाच संवाद रचणाऱ्या या नटाला द्यायला हवा.

आख्यान नेहमी संपूर्ण मुद्रित करावे. शक्य असेल तर एक यंत्र रंगमंचाकडे आणि एक प्रेक्षकांकडे लावावे. निदान आवाज तरी दोन्हीकडचा घ्यावा. मुलांचे रडणे, कुत्र्याचे भुंकणे, चहावाल्याची हाक यांना गोंगाट समजून पुसू नये. दशावतारी संवादाची पाठचिकित्सा करताना हाच पहिला पुरावा असतो.

एकाच नटाचे एकच आख्यान निदान तीन गावी ऐकावे आणि एक प्रवेश निवडून तिन्ही पाठ लिहून काढावेत. काय स्थिर आहे, काय बदलले, आणि बदलाच्या आधी मंडपात काय घडले, अशा तीन रकान्यांत नोंदी कराव्यात. आमच्या विद्यार्थ्यांना या तिसऱ्या रकान्याने सर्वांत जास्त शिकवले. त्याबरोबर शब्दसंग्रहही करावा. ‘आयुष्यमान भव’पासून युद्धाच्या आव्हानापर्यंतची ठरीव वळणे एकत्र केली, तर नव्या नटाला आणि भाषेच्या अभ्यासकाला, दोघांनाही ती उपयोगी पडतील.

शेवटी, मुद्रणाची एक प्रत मंडळाकडे द्यावी. त्यांच्या नावाने, त्यांनी निवडलेले भाग, त्यांना योग्य वाटेल तेवढ्या लांबीत प्रसारित व्हावेत. काही मंडळे हे स्वतः करू लागली आहेत. दीर्घ संवाद पूर्ण ठेवून, दोन्ही नट दिसतील असे आडवे मुद्रण त्यांनी केले, तर तेच साधन चांगल्या मराठीची शाळा होऊ शकेल.

समारोप

त्यानंतर मी त्याच नटाचा हरिश्चंद्र पुन्हा एकदा पाहिला. वर्गातली मुले बरोबर होती. मोबाईल खिशात ठेवायचे, असे आम्ही जाताना ठरवले होते. स्मशानाच्या प्रवेशात नेमकी वीज गेली. काही क्षण काळोख होता, मग कोणीतरी समई पुढे सरकवली. तारामती त्या समईशी बोलू लागली. ती काय बोलली, हे आमच्यापैकी प्रत्येक जण आज थोडे वेगळे सांगतो, आणि त्यावर वर्गात अजून वाद होतात. अशा वादातूनच पूर्वी गावोगावी नटांची कीर्ती पसरत असे.

त्या रात्री ठरलेले वाक्य आले नाही. आमच्या मागे बसलेल्या दोन तरुणांनी त्यासाठी वर केलेले मोबाईल काही वेळ तसेच काळोखात धरून ठेवले होते. पुढे समईचा प्रवेश रंगला, तेव्हा ते कधी खाली आले ते त्यांनाही कळले नसावे.

आता लोकसाहित्याच्या तासाला मी माझ्या जुन्या वाक्याला एक पुस्ती जोडते. दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. ती तशीच राहू द्यायची की नाही, हे आता नटाइतकेच प्रेक्षकाच्या हातात आहे.